चाक फिरतंय की फरफटतंय?



मी कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो. गणिताशी आपला संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, असं समजून आजवर जगत आलो. त्यामुळे आज मी चाकाचा परीघ, त्रिज्या आणि संगणकावरची हलती चित्रं यांविषयी बोलणार आहे हे ऐकून मला ओळखणारे हसतील. हसू द्या. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला आणि तो सुटेपर्यंत मला झोप लागेना. प्रश्न एवढाच होता, की सायकल पुढे जाते तेव्हा तिचं चाक नेमकं किती फिरतं?

शिरूरला आमच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. आठवडी बाजाराला खेड्यांवरून आलेली माणसं सायकली आमच्याकडे टाकून जायची. कुणाचं पंक्चर, कुणाचे छर्रे, कुणाच्या रिमचा आऊट काढायचा. तासावर भाड्यानं द्यायच्या सायकली वेगळ्या. अब्बांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलेले तीन आकडे कधी पुसले जात नसत : ८८, ९०, ७२०.

या आकड्यांचा अर्थ असा. आपल्याकडच्या काळ्या मोठ्या सायकलीचं चाक २८ इंची. २८ ला २२ नं गुणा आणि ७ नं भागा, ८८ येतात. म्हणजे चाकाचा एक फेरा झाला की सायकल ८८ इंच, म्हणजे ७ फूट ४ इंच पुढे गेली. असे ९० फेरे झाले की फर्लांग आणि ७२० फेरे झाले की बरोबर एक मैल. हिशेब पाहून घ्या, एक इंचही इकडेतिकडे होत नाही. कुणाला शेतापासून रस्त्यापर्यंतचं अंतर हवं असलं की अब्बा चाकाच्या एका तारेला लाल चिंधी बांधून द्यायचे आणि सांगायचे, “चिंधी किती वेळा खाली आली ते मोजत जा.” दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. मोटारसायकली आल्या, भाड्याच्या सायकली गंजल्या. अब्बाही २०११ मध्ये गेले. आकडे फळीसकट गेले, असं मला वाटत होतं.

माझी थोरली बहीण, आपा, दौंडला दिलेली. आमचे दुल्हेभाई रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. त्यांचा धाकटा मुलगा संगणकावर ॲनिमेशन करतो. घरच्या एका खोलीत, रात्री-अपरात्री, जंक्शनच्या भोंग्यांच्या आवाजात त्याचं काम चालतं. दुल्हेभाईंना ते पसंत नाही. “चित्रं हलवून पोट भरतं का? पावसाळ्यापर्यंत बघतो, नाहीतर रेल्वेची परीक्षा दे,” असं त्यांनी बजावून ठेवलेलं. पोरानं मग ठरवलं, की चार मिनिटांची एक फिल्म करायची, ती नमुना म्हणून पुण्यातल्या स्टुडिओंना दाखवायची आणि काम मिळवायचं. विषय त्यानं घरातलाच घेतला. १९९० मध्ये आपाला पहिलं मूल झालं, तो निरोप रात्री शिरूरला पोचला. सकाळच्या एसटीची वाट कोण बघणार, म्हणून अब्बा पहाटे अंधारातच सायकलवर निघाले. हँडलला डिंकाच्या लाडवांचा डबा. न्हावरं, मग भीमा ओलांडून पारगाव, चौफुला आणि पुढे दौंड.  ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की तेव्हा जन्मलेली नसलेली पोरंही ती स्वतः पाहिल्यासारखी सांगतात.

फिल्मची घाई आणखी एका कारणानं होती. अम्मीला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची. त्यामुळे नानीला दिसतंय तोवर दाखवायची, असं पोराच्या मनात होतं. डिसेंबरात मी अम्मीला घेऊन दौंडला गेलो. पोरानं संगणक लावला. पहाटेचा रस्ता, बाभळी, उसाच्या गाड्या आणि आमचे अब्बा सायकलवर. मला तर भरून आलं. अम्मी पडद्याच्या अगदी जवळ बसून पाहत होती. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “चाक फिरतंय कुठं? फरफटतंय.”

पोराचा चेहरा पडला. मला रागच आला. एवढ्या कष्टानं केलेलं, आणि हिला चाक दिसलं! पण चाळीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत संसार केलेली बाई ती. दारात सायकल थांबली की टायरात हवा कमी आहे हे आवाजावरून सांगणारी. मी पुन्हा पाहिलं. तिचं खरं होतं. सायकल पुढे जात होती आणि चाकही फिरत होतं, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. बर्फावरून घसरावी तशी सायकल सरकत होती.

असं का व्हावं, हे पोरानं मला समजावून सांगितलं. दूरचित्रवाणीसाठी आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रं लागतात. चार मिनिटांची ६००० होतात. ती सगळी कुणी हातानं काढत नाही. कलाकार फक्त मुक्कामाची चित्रं ठरवतो. पहिल्या चित्रात सायकल इथे, शंभराव्या चित्रात तिथे. मधली चित्रं संगणक भरतो. चाकाचंही तसंच : इथे शून्य अंश, तिथे अमुक फेरे. पण संगणक मधलं अंतर भरताना सुरुवात हळू करतो, मध्ये वेग घेतो आणि शेवटी पुन्हा हळू होतो. सायकलीला चढावर मंद केलं, उतारावर सोडलं, पण चाकाचे मुक्काम वेगळे ठेवलेले. मग सायकल एका चालीनं जाते आणि चाक दुसऱ्या. पोरानं तीन रात्री जागून चाक हातानं जुळवलं होतं. सायकलीचा वेग जरा बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

“मामू,” तो म्हणाला, “हे आपोआप व्हायला पाहिजे. सायकल हलली की चाकानं आपलं आपण फिरावं.”

मी त्याला फळीवरच्या आकड्यांची गोष्ट सांगितली. ८८ म्हटल्याबरोबर त्यानं कळफलक पुढे ओढला.

तो ज्या प्रणालीवर काम करतो तिचं नाव ब्लेंडर. ती मूळ नेदरलँड्समधली. २००२ मध्ये जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि ती सर्वांसाठी मोफत, खुली करून घेतली. दौंडच्या एका खोलीत बसून पोरगा विनापैशानं काम करू शकतो ते या वर्गणीमुळे. या प्रणालीत एका गोष्टीला दुसरीच्या दावणीला बांधता येतं. त्या सोयीला तिथे ड्रायव्हर म्हणतात. हे ऐकून दुल्हेभाई पहिल्यांदा हसले. सूत्र अगदी साधं आहे : सायकल जेवढी पुढे गेली ते अंतर भागिले चाकाची त्रिज्या, म्हणजे चाक किती फिरलं तो कोन. उत्तर अंशांत येत नाही, रेडियन नावाच्या मापात येतं. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. अंतराला परिघानं भागून ३६० नं गुणलं तरी तेच. अब्बांची चिंधी हेच करत होती, फक्त उलट बाजूनं. ते फेऱ्यांवरून अंतर काढायचे, संगणक अंतरावरून फेरे काढतो.

पाच मिनिटांत सायकल धावायला लागली. जोरात ढकलली की चाक जोरात, थांबवली की चाक थांबलं, मागे ओढली की उलटं फिरलं. मला ती जादू वाटली. आणि खरं सांगतो, थोडं वाईटही वाटलं. तीन रात्रींचं काम पाच मिनिटांत होणार असेल तर हातानं काम करणाऱ्यांचं काय? दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली तेव्हा आगपेटीतल्या काड्या एकेक हातानं सरकवून चित्रं घेतली. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगचित्रपटांचा विभाग सुरू झाला. तिथेही हातानंच. मुख्य चित्रकारानं मुक्कामाची चित्रं काढायची आणि मधली चित्रं काढणारे वेगळे. त्या मधल्या चित्रांवर कितीतरी हात तयार झाले. ते काम आता यंत्राकडे गेलं आहे. मी पोराला म्हणालो, “यंत्रानं फिरवलेलं चाक तुझ्या नानांचं कसं होईल?”

तो म्हणाला, “मामू, तुम्ही गझल लिहिता तेव्हा प्रत्येक ओळीत बोटं मोडून मात्रा मोजता का?”

सुरुवातीला मोजायचो. पुढे वृत्त अंगात भिनलं आणि मोजणं सुटलं, तेव्हा कुठे ओळीत काय म्हणायचं आहे याकडे लक्ष द्यायला सवड मिळाली. पोरालाही तीच सवड हवी होती. चाकाची काळजी मिटली, तर त्याला अब्बांच्या पाठीकडे, चढावर वाकणाऱ्या मानेकडे पाहता येणार होतं. मी गप्प बसलो.

पण प्रश्न एवढ्यावर मिटला नाही. रस्ता सरळ होता तोवर ठीक. वळण आलं आणि चाक मंदावलं. कारण सूत्र फक्त पूर्व-पश्चिम अंतर मोजत होतं. सायकल उत्तरेला वळली की त्याच्या लेखी ती जवळजवळ थांबलीच. मग दुसरी युक्ती निघाली : प्रत्येक चित्रात सायकल मागच्या चित्रापेक्षा किती सरकली ते मोजायचं आणि बेरीज करत जायची. ही युक्ती वळणावरही चालते, पण तिच्यात वेगळीच खोट. पोरगा पहिल्यापासून फिल्म लावायचा तेव्हा चाक बरोबर. मधूनच एकदम दोन हजाराव्या चित्रावर उडी मारली की चाक भलतंच. आधीची बेरीज झालेलीच नाही, तर आकडा येणार कुठून? पावलं मोजत चालणाऱ्या माणसाला अर्ध्या वाटेवर कुणी उचलून ठेवलं, तर शिरूर किती मागे राहिलं ते तो काय सांगणार?

शेवटी उपाय सापडला तो मैलाच्या दगडांसारखा. पोरानं आधी रस्त्याची एक वाकडीतिकडी रेघ काढली आणि सायकल त्या रेघेवर बसवली. आता कुठल्याही चित्रावर उडी मारा, सायकल रेघेच्या सुरुवातीपासून किती अंतरावर आहे ते ठरलेलंच आहे. त्या अंतराला त्रिज्येनं भागायचं, की झालं.

उसाच्या बैलगाड्यांनी आणखी एक धडा शिकवला. गाडीची दोन्ही चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत. बाहेरच्या चाकाला जास्त जावं लागतं. दोन चाकांत पाच फूट अंतर धरलं, तर काटकोनी वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ आठ फूट जास्त चालतं, मग वळण छोटं असो की मोठं. म्हणून प्रत्येक चाकाची रेघ वेगळी मोजायची. इथे दुल्हेभाई न राहवून पुढे सरसावले. म्हणाले, “गाडीची चाकं सुटी, पण रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसात घट्ट ठोकलेली असतात. ती कशी वळतात सांग?” पोराला सांगता येईना. मग त्यांनी चहाचे दोन पेले तोंडाशी तोंड लावून आडवे धरले. रेल्वेचं चाक सपाट नसतं, बाहेरच्या बाजूला किंचित निमुळतं असतं. वळणावर जोडी थोडी बाहेर सरकते आणि बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतं, आतलं लहान घेरावर. इतकी वर्षं एका घरात राहून बापानं पोराला हे पहिल्यांदाच सांगितलं होतं.

त्यानंतर ते रोज रात्री त्या खोलीत बसू लागले. त्रिज्या चुकली तर सगळं चुकतं, हे त्यांनीच आम्हाला पटवलं. डिझेल इंजिनाचं नवं चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचं. एका फेऱ्याला सुमारे ३ मीटर ४३ सेंटिमीटर. चाक झिजून, कातून ५० मिलिमीटरनं लहान झालं असं धरा. तेवढ्याच अंतराला ते जास्त फेरे घेणार. वेग मोजणारं यंत्र फेरेच मोजतं. त्याला नवा व्यास सांगितला नाही, तर खरा वेग १०० असताना ते जवळजवळ १०५ दाखवील. पोरानं लगेच तपासलं. त्यानं रिमची त्रिज्या धरली होती, टायरची जाडी सोडून! ती दुरुस्त झाली आणि राहिलेली बारीक घसरण गेली.

आता सगळं बरोबर झालं, असं वाटलं तर नवंच संकट. सपाट रस्त्यावर मागचं चाक थांबलेलं दिसायला लागलं! सूत्र तर बरोबर होतं. पुन्हा आकडे मांडले. ताशी १५ किलोमीटर वेगानं सायकल एका चित्रात सुमारे १६.७ सेंटिमीटर जाते. त्यात चाक जवळजवळ २७ अंश फिरतं. जुन्या सायकलीला मागे ४० तारा असतात, पोरानं त्या सरळ आणि सारख्या अंतरावर काढलेल्या. ३६० भागिले ४० म्हणजे दोन तारांमध्ये ९ अंश. २७ म्हणजे बरोबर तीन तारा. म्हणजे पुढच्या चित्रात प्रत्येक तारेच्या जागी तिसरी तार येऊन उभी. डोळ्याला वाटतं, चाक हललंच नाही. पुढच्या चाकाला ३२ तारा, तिथे हा मेळ बसत नाही, म्हणून ते हळूहळू पुढे सरकताना दिसतं. जुन्या सिनेमात घोडागाडीची चाकं उलटी फिरताना तुम्ही पाहिली असतील, ती याच कारणानं. यावर उपाय दोन. वेगात तारा किंचित पुसट दाखवायच्या, खऱ्या कॅमेऱ्यात दिसतात तशा. आणि चाकावर एखादी अशी खूण ठेवायची, की जी एकच आहे. पोरानं मला विचारलं, “नानांच्या चाकावर काय होतं?”

मी म्हणालो, “लाल चिंधी.”

जानेवारीच्या शेवटी फिल्म जवळजवळ पुरी झाली. शेवटचं दृश्य राहिलं होतं. अब्बा दौंडला पोचतात, आपाच्या दारात ब्रेक दाबतात. ते कसे थांबायचे हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. मागचा ब्रेक करकचून दाबायचा, चाक जागच्या जागी बंद आणि सायकल हातभर धुळीत घसरत जाऊन उभी. दुकानात आम्हाला असं केलं तर मार बसायचा, टायर झिजतो म्हणून. स्वतः मात्र आनंदात असले की हमखास तसेच थांबायचे. आणि नेमकं हे सूत्राला जमेना. सायकल पुढे गेली की ते चाक फिरवणारच. घसरणं त्याला ठाऊकच नाही.

दुल्हेभाई म्हणाले, “ते बरोबरच आहे. तुझ्या हिशेबात चाकानं जमीन धरलेली आहे. पण ती सुटते कधीकधी. ओल्या रुळावर जड गाडी ओढताना इंजिनाची चाकं जागेवर गरगर फिरतात आणि गाडी हलत नाही. म्हणून इंजिनात वाळू ठेवलेली असते. चाकापुढं रुळावर सोडायची, की चाक पुन्हा पकड घेतं. ती कधी सोडायची ते ड्रायव्हरनं ठरवायचं.”

पोरानं थोडा विचार केला. शेवटच्या बारा चित्रांपुरतं मागचं चाक सूत्रातून सोडवलं. बारा चित्रं म्हणजे अर्धा सेकंददेखील नाही. ती त्यानं हातानं केली. पुढचं चाक फिरतंय, मागचं बंद, धूळ उडतेय, डबा हेलकावा खातोय. त्या अर्ध्या सेकंदासाठी त्यानं दोन दिवस घेतले. मी या वेळी यंत्र आणि हात यांच्याबद्दल काही बोललो नाही. सहा हजारांतल्या कुठल्या बारा चित्रांना हात लावायचा, हे त्याला कळलं होतं.

मी पुन्हा अम्मीला घेऊन दौंडला गेलो. दिवे मालवले. ती पहिल्यासारखीच पडद्याला नाक लावून बसली. पहाट झाली, न्हावरं गेलं, भीमेचं पाणी दिसलं. उसाच्या गाड्या मागे पडल्या. लाल चिंधी वर-खाली होत होती. एवढ्या वाटेत चाकाचे हजारो फेरे होतात, चार मिनिटांत थोडेच दिसले. मग ब्रेक लागला, सायकल हातभर घसरली आणि थांबली.

अम्मी म्हणाली, “आले.”

एवढंच. मग तिनं आपाला चहा टाकायला सांगितला.

पोराच्या कामाचं अजून नक्की झालेलं नाही. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं आहे, पगार बेताचा आहे. रेल्वेच्या परीक्षेचा अर्जही भरून ठेवलेला आहे, तो दुल्हेभाईंनीच भरला. पण परवा फोनवर ते मला म्हणाले, “त्याला एक आगगाडीची फिल्म करायची आहे म्हणे. वाफेच्या इंजिनाची चाकं, त्यांचे दांडे, सगळं फिरवायचंय. मी त्याला मापं काढून देतोय.”

श्रोतेहो, तुमच्या घरातही अशी एखादी फळी असेल, तिच्यावर कुणीतरी खडूनं काहीतरी लिहून गेलं असेल. ती फेकण्याआधी एकदा वाचून ठेवा. कुणाला त्याची गरज लागेल, सांगता येत नाही.